जुनी टाटा इस्टेट घरच्या घरी पुन्हा चालती करायची आहे? मग सेल्फ मारू नका

वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीला नवी बॅटरी जोडायची आणि किल्ली फिरवायची, हा मोह सगळ्यांना होतो. तो आवरा. गाडी आधी थांबली पाहिजे, मग चालली पाहिजे आणि चमकण्याचा नंबर सगळ्यात शेवटी. नवखी माणसं याच्या नेमकं उलट करतात आणि निम्मे पैसे रंगात घालून बसतात.

टेल्कोने (आजची टाटा मोटर्स) इस्टेट ही स्टेशन वॅगन १९९२ मध्ये बाजारात आणली. खाली ट्रकसारखी चासी, १९४८ सीसीचं ४८३ डिझेल इंजिन आणि मागे माजघराएवढी जागा. ती फारशी विकली गेली नाही, पण शिकण्यासाठी याहून बरी गाडी मिळणं अवघड आहे. बॉनेट उघडलं की इंजिनाच्या चहूबाजूंनी हात जातो. हेच इंजिन टाटामोबाईल, सिएरा आणि सुरुवातीच्या सुमोतही होतं, त्यामुळे त्याचे भाग अजून शोधले तर सापडतात. सापडत नाहीत ते मागच्या बाजूचे खास तिचेच भाग: मागच्या काचा, मागचे दिवे, डिकीच्या दाराचं बीडिंग (कडेची रबरी पट्टी). गाडी घेताना हे शाबूत असतील तर इंजिन बंद असलं तरी चालेल. उलटा सौदा करू नका.

आधी कागद, मग पत्रा

आरसी पुस्तकावरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर स्वतः वाचून ताडून बघा. ब्रशने माती खरवडा, खडू चोळा, म्हणजे आकडे उठून दिसतात. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे दर ५ वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या मोटारीला या नूतनीकरणाची फी १०,००० रुपये झाली आहे, पर्यावरण कर वेगळा. हे पैसे पहिल्या दिवशीच बाजूला काढा.

मग एक लोहचुंबक आणि जुना स्क्रू ड्रायव्हर घेऊन गाडीभोवती फिरा. चुंबक जिथे पकडत नाही तिथे रंगाखाली लांबीचा (खड्डे बुजवायच्या पुटीचा) जाड थर आहे. दारांखालचे पत्रे, चाकांच्या कमानी आणि गाडीतली पायाखालची जमीन स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. टणटण वाजलं तर ठीक, भदभद वाजलं तर तिथे पत्रा खाल्लेला आहे. पत्रा बदलता येतो. चासीच्याच पट्ट्या सडून पापुद्रे सुटत असतील, तर पहिली गाडी म्हणून तिला हात लावू नका.

घोड्या आणि पिशव्या

जॅक फक्त गाडी उचलायला असतो. खाली शिरण्याआधी घोड्या (गाडी तोलून धरणारे लोखंडी स्टँड) लावा, त्याही सपाट, पक्क्या जमिनीवर. विटा किंवा दगड रचून काम करू नका. त्यात माणसं दगावली आहेत. प्रत्येक भाग सोडवण्याआधी फोटो काढा, त्याचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत घाला आणि चिठ्ठीवर जागा लिहा. एका वेळी एकच काम उघडा. ज्यांनी उत्साहात अख्खी गाडी सोडवली, त्यांच्या अंगणात ती अजून खोक्यांमध्ये पडलेली मी पाहिली आहे.

ब्रेक

ब्रेक ऑईल हवेतली ओल शोषतं आणि आतून सिलिंडर गंजवतं. म्हणून फक्त ऑईल बदलून भागत नाही. रबरी होज, मागचे व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडरचं किट, सगळं नवं घाला. ड्रममधली धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. टायरच्या बाजूवरचे डॉटपुढचे शेवटचे चार आकडे वाचा: २३०९ म्हणजे २००९ सालचा २३वा आठवडा. नक्षी कितीही चांगली दिसली तरी असे टायर बदलाच.

इंजिन जागं करताना

टाकीतलं जुनं डिझेल पूर्ण काढा. त्याला वार्निशसारखा आंबट वास येतो. टाकी धुवा, फिल्टर, इंजिन ऑईल आणि कूलंट बदला. मग चारही हीटर प्लग (थंड डिझेल इंजिन तापवणारे ग्लो प्लग) काढा, प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑईल सोडा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी गाडी न्यूट्रलमध्ये आहे हे बघून क्रँक पुलीच्या बोल्टला गोटी पाना (सॉकेट) लावा आणि इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. अडलं तर जोर लावू नका, आणखी ऑईल घालून दोन दिवस थांबा. मोकळं फिरलं की प्लग बाहेरच ठेवून काही सेकंद सेल्फ मारा, जास्तीचं ऑईल उडून जाईल.

प्लग बसवल्यावर डिझेलच्या नळ्यांतली हवा काढा. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप दाबत राहा. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग काचेसारखी सलग धार. ती दिसली की स्क्रू आवळा. पहिल्या स्टार्टला एक लाकडी फळी हाताशी ठेवा. डिझेल इंजिन कधी स्वतःचंच ऑईल ओढून सुसाट पळतं आणि किल्लीने बंद होत नाही. त्या वेळी इंजिनात हवा शिरते त्या तोंडावर फळी घट्ट दाबली की ते गुदमरून थांबतं. तिथे तळहात कधीच लावू नका.

मागचं दार

स्टेशन वॅगन मागून मरते. डिकीच्या दाराचं बीडिंग कडक झालं की पावसाचं पाणी आत झिरपतं, गालिच्याखालच्या नमद्यात (जाड लोकरी थरात) मुरतं आणि वर काहीही न दिसता जमीन सडत राहते. आमच्या गाडीचा गालिचा कोरडा ठणठणीत होता. तो उचलला तर खालचा नमदा पिळता येईल इतका ओला, आणि स्टेपनीच्या खड्ड्यात पत्र्याऐवजी तपकिरी चुरा. त्यातून खालचा फरशीचा तुकडा दिसत होता.

म्हणून गालिचा काढा, माणूस आत बसवा, हातात टॉर्च द्या आणि बाहेरून पाइपने पाणी सोडा. सुरुवात खालून करा. पाच मिनिटं उंबऱ्याशी, मग दिव्यांच्या कडेला, मग काचेच्या रबराला, शेवटी छतावर. वरून ओतलंत तर सगळीकडून ओघळेल आणि गळती कुठे ते कळणार नाही. पत्रा जोडायचा असेल तर सीओटू वेल्डिंग करणारा कसबी माणूस गाठा, आणि त्याआधी डिझेलची टाकी उतरवा, बॅटरीच्या वायरी सोडा.

दार उचलून धरणारे गॅसचे दांडे थकले असतील तर त्यावर छापलेला न्यूटनचा आकडा आणि लांबी टिपून घ्या. तेवढ्याच मापाचे दुसऱ्या गाडीचेही चालतात. तोवर दाराला लाकडी टेकू द्या, डोक्यावर पडलं तर खोक पडते. असे किरकोळ भाग मी पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवार-रविवार फिरून जमवले. मुंबईकरांना ऑपेरा हाऊस आणि कुर्ला आहेच. जुना भाग नेहमी सोबत न्या, वर्णनावर जाऊ नका.

रंग

हे काम डेंटर-पेंटरकडे द्या, पण पावसाळ्यात नको. दमट हवेत रंगावर पांढुरकी छटा धरते. दिवाळीनंतर गाडी उघडा, होळीपर्यंत पत्रा संपवा, रंग मे महिन्याच्या आत. लांबी भरण्याआधी उघडा पत्रा स्वतः बघायला जा. मूळ रंग बदलणार असाल तर आरटीओकडून आरसीवर तशी नोंद करून घ्यावी लागते.

पहिली फेरी गल्लीतच मारा आणि दर दोन किलोमीटरला उतरून चारही चाकांच्या मध्यावर हाताची पालथी बाजू जवळ नेऊन बघा. एखादं चाक बाकीच्यांहून जास्त तापलं असेल तर त्याचा ब्रेक अडकतोय. परत या, घोड्या लावा आणि ते चाक उघडा.