झाड ‘बरं झालं’ म्हणून कलमासाठी डोळे काढताय? संत्रा-पपईच्या विषाणूंबाबत या चुका टाळा

मे महिन्यात काटोलकडच्या एका संत्रा बागेत गेलो होतो. मालकांनी एक झाड दाखवलं. हिवाळ्यात त्याच्या पानांच्या तपासणीत ट्रिस्टेझा विषाणू निघाला होता. “आता पाहा नं भाऊ, नवती कशी हिरवीगार आहे. झाड सुधारलं. यंदा डोळकाड्या याच्याच घेतो.” नवती म्हणजे नवी पालवी, आणि डोळकाड्या म्हणजे कलमाचे डोळे काढायच्या फांद्या. मी त्यांना हात जोडून थांबवलं. आपल्या भागात सगळ्यात महाग पडणारी चूक हीच आहे.

झाडाला रक्त नाही, म्हणून आपल्यासारख्या अँटीबॉडीही नाहीत. त्याची लढाई वेगळी असते. ट्रिस्टेझाचा सगळा ऐवज म्हणजे सुमारे 19,300 अक्षरांचा आरएनएचा, म्हणजे जनुकीय संदेशाचा, एक धागा. पेशीत तो आपल्या प्रती काढू लागला की मध्येच दुहेरी धागा तयार होतो. असा लांब दुहेरी धागा दिसला की झाड ओळखतं, हा परका. मग ‘डायसर’ नावाचं प्रथिन त्याचे 21 ते 24 अक्षरांचे तुकडे पाडतं. ‘आर्गोनॉट’ हे दुसरं प्रथिन त्यातला एकेक तुकडा नमुना म्हणून धरून ठेवतं आणि त्याच्याशी जुळणारा विषाणूचा धागा दिसला की कापतं. हे तुकडे पेशीतून पेशीत, अन्नरसासोबत शेंड्यापर्यंतही जातात. म्हणजे नवं पान उमलण्याआधीच त्याला शत्रूची ओळख मिळालेली असते.

ही कापाकापी उन्हाळ्यात जोरात चालते, थंडीत मंदावते. म्हणून मे महिन्यातली नवती स्वच्छ दिसते. पण विषाणूही गप्प बसत नाही. ट्रिस्टेझाकडे ही यंत्रणा दाबणारी तीन प्रथिनं आहेत, आणि जुन्या सालीतल्या अन्नवाहिन्यांत तो टिकून राहतो. दोघांत तह झालेला असतो, एवढंच. त्या फांदीचा डोळा जंभेरीच्या खुंटावर बांधला की विषाणू नव्या कलमात आयता जातो, आणि एका झाडाचा रोग शंभर कलमांत पसरतो.

शेंड्याच्या अगदी टोकाचा, मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढा कोंब मात्र बहुधा विषाणूमुक्त असतो. अन्नवाहिन्या तिथवर पोचलेल्या नसतात आणि पहाराही कडक असतो. सूक्ष्मदर्शकाखाली तेवढाच कोंब कापून कोवळ्या रोपावर बसवतात. नागपूरला अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत याच पद्धतीने रोगमुक्त मातृवृक्ष तयार होतात. कलमं घेताना पन्हेरीवाल्याला, म्हणजे रोपवाटिकेच्या मालकाला, मातृवृक्षाच्या तपासणीचा कागद मागा. मागायला संकोच कसला?

दुसरी चूक, पान पिवळं दिसलं की ‘व्हायरस आला’ म्हणणं. पान उजेडात धरा. मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना पिवळेपणा सारखा असेल तर बहुधा जस्त कमी पडलंय. दोन्ही बाजूंचे डाग एकमेकांशी जुळत नसतील तर ग्रीनिंग रोगाची शंका घ्या. तो जिवाणूमुळे होतो आणि सिट्रस सायला या किडीमुळे पसरतो. कागदी लिंबाच्या कोवळ्या पानात शिरांचे तुकडे काचेसारखे आरपार दिसले, तर ट्रिस्टेझाची तपासणी करून घ्या. प्रतिजैविक किंवा बुरशीनाशक विषाणूवर चालत नाही. तो खर्च वाया जातो.

पपईत गोष्ट अजून अवघड. रिंगस्पॉटचा विषाणू माव्याच्या सोंडेतून काही सेकंदांत झाडात उतरतो, कीटकनाशकाने मावा मरायच्या आतच. त्यामुळे फवारणीच्या भरवशावर राहू नका. बागेभोवती मक्याच्या दाट ओळी लावा, मावा आधी तिथे सोंड खुपसतो आणि विषाणू तिथेच पुसला जातो. शेजारी भोपळावर्गीय वेली नकोत.

कलम बांधायचा चाकू नुसता ज्योतीवर धरून भागत नाही. एक्सोकॉर्टिस या संत्रावर्गीय झाडांच्या रोगाचा व्हायरॉइड म्हणजे जेमतेम 371 अक्षरांचा आरएनए, अंगावर प्रथिनाचं कवचही नाही, पण उष्णतेला दाद देत नाही. प्रत्येक झाडानंतर पातं ब्लीचच्या पाण्यात बुडवा, मग पुसून तेल लावा, नाहीतर गंज चढतो.

काटोलच्या त्या झाडाच्या बुंध्याला आम्ही तांबड्या ऑइल पेंटचा पट्टा मारला. फळं खायला काही हरकत नाही, हा विषाणू माणसाला लागत नाही. ट्रिस्टेझाही माव्यातूनच पसरतो, म्हणून नवतीवर मावा दिसला की आधी त्या झाडाकडे बघायचं, आणि पट्टा असेतो त्याचा एकही डोळा काढायचा नाही, असं ठरलं.