पेरणीत एक तास, म्हणजे एक ओळ, रिकामं सोडायला गाव तयार झालं ते असं

वाशिमकडे सोयाबीनसाठी रुंद वरंबा-सरीची शिफारस जुनीच. जास्तीचं पाणी सरीतून निघतं, उघडीप पडली तर तिथेच मुरलेली ओल कामी येते. अडचण यंत्राची. बीबीएफला, म्हणजे असा वरंबा-सरी पाडत पेरणाऱ्या यंत्राला, ट्रॅक्टर लागतो, आणि ऐन पेरणीत दोन एकरवाल्याच्या रानात तो येतो कुठे! अनुदानाची माहिती कितीही सांगा, हे सुटत नव्हतं.

म्हणून यंत्राचा विषयच सोडला. बैलांच्या तिफणीनेच पेरायचं, पण दर तीन तासांनंतर चौथं रिकामं ठेवायचं. पीक उभं राहिलं की डवऱ्याच्या, म्हणजे कोळप्याच्या, जानोळ्याला (पास धरणाऱ्या दांड्याला) दोरी गुंडाळून त्या रिकाम्या तासातून फिरवायचा. सरी पडते, पिकाला मातीची भर लागते. बियाणंही वाचतं.

"तास खाली सोडून पीक होते का भाऊ?" हे ठरलेलंच. मी वाद घातला नाही. ज्याचं रान चिबडतं, पाणी साचून राहतं, त्यालाच म्हटलं, बांधाकडची पट्टी तेवढी अशी पेर, बाकी तुझ्या मनासारखं. मोठ्या पावसानंतर नेहमीचा पेरा पिवळा पडला, पट्टी हिरवी राहिली. पुढच्या हंगामात शेजाऱ्यांनी आपणहून विचारलं.

सरी उताराला आडवी काढा, शेवटी पाण्याला वाट ठेवा. आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय तिफण बाहेर काढू नका.