एमजीबीच्या जुळ्या एसयूंना कोणता एअर फिल्टर लावावा?

एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या 1798 सीसी इंजिनावर एसयू कंपनीच्या एचएस-4 कार्बोरेटरांची (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या यंत्रांची) जोडी असेल, तर मूळचे फिल्टरचे डबे काढून चपटे फिल्टर लावण्याआधी एक डबा उघडून आत बघा. कार्बोरेटरच्या तोंडाशी कर्ण्यासारखी पसरट कड असलेली आखूड नळी दिसेल. हाच स्टब स्टॅक. डबा गेला की तोही जातो, मग हवा फ्लँजच्या, म्हणजे कार्बोरेटरच्या तोंडाभोवतीच्या सपाट कडेच्या, धारेवरून आत शिरते. आवाज दणदणीत, ताकद मात्र कमी! त्यामुळे फिल्टरसोबत 38 मिमी बोअरचे (आतल्या व्यासाचे) स्टब स्टॅक घ्याच. स्टॅकचं तोंड आणि फिल्टरचं बाहेरचं झाकण यांत निदान 20 मिमी मोकळी जागा हवी. म्हणजे 25 मिमी स्टॅकला साधारण 45 मिमी खोलीचा फिल्टर. त्याहून पातळ घेऊ नका. जास्त खोल चालेल, पण आधी इनर विंगपर्यंतचं (इंजिनाशेजारच्या आतल्या पत्र्यापर्यंतचं) अंतर मोजा. लेफ्ट हँड ड्राइव्ह गाडीत स्टिअरिंगचा दांडाही याच बाजूला असतो.

खरी गोची गॅस्केटपाशी (फ्लँज आणि फिल्टर यांच्यामधल्या पातळ सीलपाशी) होते. एसयूच्या फ्लँजवर बोल्टच्या भोकांखेरीज हवेची बारीक भोकं असतात. कार्बोरेटरमधला पिस्टन वर उचलला जाताना त्याच्या खालच्या बाजूला हवा तिथूनच मिळते. गॅस्केट उलटं बसलं किंवा फिल्टरच्या पत्र्याला तिथे भोक नसलं, की पिस्टन पुरता उठत नाही, जेटवरचा, म्हणजे पेट्रोलच्या तोटीवरचा, ओढा वाढतो, मिश्रण रिच होतं (पेट्रोल जास्त होतं) आणि गाडी ॲक्सिलरेटर दाबल्यावर गुदमरते. लोक मग कार्बोरेटर खोलत बसतात. गॅस्केट, पत्रा आणि फ्लँज एकमेकांवर धरून भोकांतून उजेड आरपार दिसतो का ते बघा. नसेल तर पत्र्याला भोक पाडा.

तेल लावलेल्या सुती जाळीपेक्षा कागदी फिल्टर बारीक धूळ चांगली अडवतो. कच्च्या रस्त्यावर गाडी जाणार असेल तर मूळचे डबे आणि नवे कागदी फिल्टर हीच जोडी ठेवा, असं आमचं स्पष्ट मत. शिवाय एमजीबीत इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला. उघडे फिल्टर तिथली गरम हवा ओढतात. हीट शील्ड काढू नका. सुरुवातीच्या गाड्यांत रॉकर कव्हरची (इंजिनावरच्या झाकणाची) ब्रीदर नळी, म्हणजे आतली वाफ बाहेर काढणारी नळी, पुढच्या फिल्टरला जाते, तशी गाडी असेल तर नळी जोडायची सोय असलेलाच फिल्टर निवडा.

हवा वाढली की मिश्रण लीन (पेट्रोल कमी असलेलं) होऊ शकतं. इंजिन पूर्ण तापवा आणि आयडलवर लिफ्टिंग पिनने पिस्टन जेमतेम 0.8 मिमी उचला. आरपीएम क्षणभर किंचित वाढून स्थिरावले तर ठीक. वाढून तसेच राहिले तर रिच, पडले तर लीन. लीन असेल तर जेटचा षट्कोनी नट एकेक बाजू, म्हणजे एक षष्ठांश फेरा, खाली फिरवा. दोन्ही कार्बोरेटरांवर सारखाच. आयडल बरोबर असूनही फुल थ्रॉटलनंतर प्लग पांढरेफट्ट निघत असतील, तर नटाने भागणार नाही, एक पायरी रिच नीडल (जेटमध्ये वरखाली होणारी सुई) घाला. फिल्टरचे बोल्ट लॉक वॉशर घालून आवळा. आतल्या बाजूला सुटलेला नट सरळ इंजिनात जातो.