पोरांसोबत ऑनलाइन दुकानाचा बेत आखताय? या चुका टाळा

सुट्टीत पोरांना घेऊन काय विकायचं हे ठरवायला वही उघडली की बेळगावात पहिलं नाव ठरलेलं: कुंदा. खव्याचा पदार्थ, उन्हाळ्यात कुरिअरच्या गोदामात अडकला की आंबलाच. त्यापेक्षा पोरांना विचारा, "पुण्याचा मामा परत जाताना काय काय बांधून नेतो रे?" गोकाकचा करदंट (डिंक-सुक्यामेव्याची वडी), मांडे, खानापूरची मातीची भांडी, शहापूर-वडगावच्या मागावरची साडी अशी यादी भराभर निघते. करदंट टिकतो, साडी फुटत नाही. खायचं काही घरी करून विकणार असाल तर एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी मात्र हवीच.

दुसरी चूक वजनाची. "मांडे हलके, कुरिअर स्वस्तात जाईल," असं पोरं म्हणतील आणि तुम्हीही मान डोलवाल. बहुतेक कुरिअरवाले खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5000 ने भागतात आणि खऱ्या वजनापेक्षा ते जास्त आलं तर तितक्या किलोंचे पैसे घेतात. 30 × 30 × 15 चं खोकं म्हणजे 2.7 किलो, आत मांडे पाव किलो असले तरी! हे गणित पोरांनाच करू द्या. कुठली वस्तू परवडणार नाही हे ती स्वतःच सांगतील, तुम्हाला "नाही जमायचं" म्हणून वाईट व्हावं लागणार नाही.

सर्वांत जास्त घोळ होतो तो हद्दीचा. हद्दीपलीकडं महाराष्ट्रातल्या शिनोळीची आत्या आपल्याला घरचीच. सीमाप्रश्नावर घरात कितीही वाद रंगोत, जीएसटीच्या लेखी शिनोळी परराज्य. ऑनलाइन बाजारपेठेवरून करपात्र माल राज्याबाहेर विकायचा तर उलाढाल कितीही लहान असो, जीएसटी नोंदणी लागते. राज्यातल्या राज्यात मात्र 1 ऑक्टोबर 2023 पासून सूट आहे: वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत असेल तर पूर्ण जीएसटी नोंदणी न करता, जीएसटी पोर्टलवरून नुसता नावनोंदणी क्रमांक घेऊन विकता येतं. म्हणजे पुण्याचा मामा नंतर, आधी हुबळी, धारवाड, बेंगळुरू.

आणि तिथं नुसती मराठी माहिती टाकून कसं भागेल? इथं आपल्यापेक्षा पोरं हुशार. शाळेत कन्नड शिकतात, वस्तूच्या चार ओळी सहज लिहितील. तुम्ही फक्त एखाद्या कन्नड शेजाऱ्याकडून तपासून घ्या.

राहिलं बाजारपेठेवरचं विक्रेत्याचं खातं. ते पालकाच्याच नावानं काढा, बँक खातंही तेच जोडा. 18 वर्षांखालच्या मुलानं केलेला करार कायद्यात टिकत नाही, आणि खोटं वय टाकून काढलेलं खातं तपासणीत बंद झालं तर आलेले पैसेही अडकतात.