जुनी डिस्क लिनक्सला दिसत नाही? या चुका टाळा

'डिस्क दिसत नाही' असं कोणी म्हटलं की मी आधी विचारतो, कोणाला दिसत नाही? फाइल मॅनेजरला की कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला? बहुतेकांना सांगता येत नाही, कारण डी-मेसेज, म्हणजे कर्नलच्या नोंदी दाखवणारी कमांड, उघडलेलाच नसतो. आयकॉन आला नाही म्हणजे डिस्क गेली, असं ठरवून लोक मोकळे होतात.

माझी सवय अशी: टर्मिनलमध्ये सुडो डी-मेसेज -डब्ल्यू (नवी नोंद आली की लगेच दिसते) चालू करून ठेवायचं आणि मगच केबल लावायची. एकही ओळ उमटली नाही, तर केबल, पोर्ट, अडॅप्टर आणि वीज तपासायची. अडॅप्टरचं नाव आलं पण डिस्कचा आकार आला नाही, तर अडॅप्टर शाबूत आहे, पलीकडून डिस्क उत्तर देत नाही. आकार बरोबर आला, तर डिस्क ओळखली गेली आहे. आता पार्टिशन (डिस्कचे पाडलेले भाग) आणि फाइल सिस्टिम (त्यांतल्या फाइलींची मांडणी) यांच्याकडे वळा. एवढं दोन मिनिटांत कळतं, आणि याच दोन मिनिटांचा धीर लोकांना नसतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे मधूनच गायब होणाऱ्या डिस्कवर एफएससीके, म्हणजे फाइल सिस्टिम दुरुस्त करणारी कमांड, चालवणं. माझ्या मावसभावाची 80 जीबीची आयडीई (साटाच्या आधीच्या जुन्या जोडणीची) डिस्क होती, घरच्या फोटोंनी भरलेली. यूएसबी अडॅप्टरला लावली की कधी दिसायची, कधी नाही. त्याने कुठेतरी वाचून एफएससीके -वाय चालवलं. -वाय म्हणजे प्रत्येक दुरुस्तीला न विचारता 'हो'. दुरुस्ती अर्ध्यावर असताना डिस्क गायब झाली. त्याने पुन्हा जोडली, पुन्हा तेच केलं. असं चार वेळा.

माझ्याकडे आली तेव्हा मी डी-मेसेज लावला आणि डिस्कवर हात ठेवून बसलो. ती फिरायला लागायची, वेग धरता धरता 'टक्' वाजायचं, थांबायची, पुन्हा सुरू. पडद्यावर दर काही सेकंदांनी यूएसबी रीसेटची ओळ. मी फक्त वीजपुरवठा बदलला. साडेतीन इंची डिस्कची मोटर 12 व्होल्टवर चालते आणि सुरू होताना सगळ्यात जास्त करंट ओढते; अडॅप्टरसोबतचा चार्जर तेवढा देऊच शकत नव्हता. नंतर तीच डिस्क दिवसभर एकदाही न अडखळता चालली. पण फोटो लॉस्ट-अँड-फाउंड फोल्डरमध्ये, म्हणजे एफएससीके बेवारस फाइली टाकतं तिथे, जाऊन पडले होते. नाव म्हणून # आणि पुढे नुसते आकडे. वर्षावार लावलेले सगळे फोल्डर गेले. डिस्कमध्ये काहीच दोष नव्हता, आणि हे मला आजही लागतं.

म्हणून डिस्क अडखळत असेल तर तिच्यावर काहीही लिहू नका. आधी वीज आणि केबल बदला. मग जीएनयू डीडीरेस्क्यू या खराब डिस्कची प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅमने दुसऱ्या डिस्कवर पूर्ण प्रत घ्या, आणि मॅप फाइल (कुठवर वाचून झालं याची नोंद) द्यायला विसरू नका. मध्येच थांबलं तर तिच्यामुळेच काम पुढे सुरू करता येतं. दुरुस्ती करायची ती प्रतीवर. 'एवढा वेळ कुठे आहे' म्हणणाऱ्यांना मी अशा कामात हात घालू देत नाही.

अडीच इंची डिस्क थेट यूएसबीवर चालते खरी, पण यूएसबी 2.0 पोर्ट नियमाने 500 मिलिअँपियरच देतो. जुन्या डिस्कला सुरू होताना तेवढं पुरेलच असं नाही. पुढच्या पॅनेलचा पोर्ट आणि लांब वायर टाळा.

दुसरी नेहमीची चूक जम्परची, म्हणजे आयडीई डिस्कच्या मागच्या दोन पिना जोडणाऱ्या छोट्या टोपीची. एका केबलवर दोन डिस्क असल्या की एक मास्टर, दुसरी स्लेव्ह, आणि ते जम्परने ठरतं. जुन्या संगणकात डिस्क स्लेव्ह असते, लोक ती तशीच काढून अडॅप्टरला लावतात आणि अडॅप्टर तिला मास्टर म्हणून शोधत बसतो. डिस्कच्या लेबलवर जम्परचं चित्र असतं. ते वाचा, अंदाजाने पिना जोडू नका. वेस्टर्न डिजिटलच्या साडेतीन इंची आयडीई डिस्कमध्ये एकटी डिस्क आणि स्लेव्हसोबतची मास्टर या दोन वेगळ्या सेटिंग असतात. एकटी असेल तर जम्पर काढून टाकायचा. थेट मदरबोर्डवर लावत असाल तर 80 तारांच्या केबलचं निळं टोक बोर्डाला, काळं टोक मास्टरला, मधलं करडं स्लेव्हला.

जुन्या लेखांतलं आयडीई डिस्कचं 'एचडीए' हे नाव शोधत बसू नका. आयडीई डिस्कही आता 'एसडी'च्या नावानेच येते. तो जुना आयडीई ड्रायव्हर 2021 मध्ये 5.14 कर्नलमधून काढूनच टाकला.

एफएसटॅबमध्ये (बूट होताना काय जोडायचं ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) 'एसडीबी' लिहू नका, यूयूआयडी, म्हणजे फाइल सिस्टिमचा स्वतःचा ओळख क्रमांक, लिहा. नाव बूटगणिक बदलू शकतं.

डिस्कची तब्येत (स्मार्ट माहिती) दाखवणाऱ्या स्मार्टसीटीएल कमांडमध्ये 199 क्रमांकाचा सीआरसी आकडा, म्हणजे केबलवरून माहिती जाताना झालेल्या चुका, वाढत असेल तर आधी केबल बदला. 197, म्हणजे पेंडिंग सेक्टर (डिस्कचे नीट वाचता न येणारे तुकडे), वाढत असेल तर बाकी सगळं सोडून प्रत घ्या. यूएसबी अडॅप्टरमधून स्मार्ट माहिती येत नसेल तर -डी सॅट देऊन बघा.

आणि यूएसबी खोक्यातून काढून थेट साटाला लावलेल्या डिस्कचं पार्टिशन दिसेनासं झालं, तर नवीन पार्टिशन टेबल लिहायला धावू नका. काही खोकी सेक्टर 4096 बाइटचा दाखवतात, तीच डिस्क थेट लावली की 512चा दाखवते, आणि टेबलमधले आकडे जुळत नाहीत. डिस्क परत त्याच खोक्यात घाला. बहुतेक वेळा सगळं जागच्या जागी सापडतं.