वायरलेस नेटवर्क स्लो झालंय? लाईन वाढवण्याआधी या चुका टाळा

टॉवरवरून वायरलेस नेट पुरवणाऱ्यांनो, टॉवरवर गिऱ्हाइकं वाढली, नेट रडायला लागलं, की नवीन पोरं पहिल्यांदा काय करतात तर वरच्या कंपनीकडून अजून 50 एमबीपीएस घेतात. चार दिवस बरं चालतं, परत तेच. अहो लाईन भरलीच नव्हती, हवा भरली होती! वायरलेसमध्ये अपलोड-डाऊनलोड एकाच चॅनलवर आळीपाळीने चालतं आणि पॅकेट कितीही छोटं असलं तरी त्याला हवेतला ठरावीक वेळ द्यावाच लागतो. त्यामुळे नुसते एमबीपीएस बघू नका, पॅकेट पर सेकंद बघा.

आमच्याकडे एका कॉम्प्युटर क्लासने अख्खा सेक्टर, म्हणजे टॉवरची एक अख्खी बाजू, झोपवला होता. संध्याकाळची बॅच भरली की त्या बाजूच्या सगळ्यांचे तक्रारीचे फोन सुरू. ग्राफवर क्लासचं अपलोड जेमतेम अर्धा एमबीपीएस, म्हणून आमचा पोरगा एपी (टॉवरवरचा रेडिओ) बदलायला निघालेला. मायक्रोटिक राउटरमध्ये टॉर्च (कोणत्या आयपीवरून काय ट्रॅफिक जातंय ते दाखवणारं टूल) लावला तर एकाच आयपीवरून सेकंदाला हजारभर पॅकेट, सगळी टीसीपी 445 ला (विंडोजचं फाईल शेअरिंगचं पोर्ट) आणि प्रत्येक वेळी डेस्टिनेशन वेगळं. म्हणजे वर्म, आपोआप पसरणारा व्हायरस, दुसरं काही नाही. मे 2017 मध्ये वॉनाक्राय नावाचा वर्म याच पोर्टवरून पसरला, त्याचा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता, पण क्लासवाल्यांनी अपडेट बंद करून ठेवलेले, का तर म्हणे अपडेट नेट खातं.

आता इथे सगळे जी चूक करतात ती ऐका. मेन राउटरवर 445 ड्रॉप केलं आणि सुटलो म्हणतात. पण पॅकेट तिथे पोचेपर्यंत हवा खाऊन झालेली असते ना! रूल गिऱ्हाइकाच्या छतावरच्या रेडिओतच पाहिजे, म्हणून मी तो रेडिओ, म्हणजे सीपीई, ब्रिज मोडमध्ये (सगळं जसंच्या तसं पुढे ढकलणारा) ठेवूच देत नाही, राउटर मोड, आणि 135 ते 139 व 445 (विंडोजची पोर्ट), 23 (टेलनेट), 25 (मेल) बाहेर जायला तिथेच बंद. मेल पाठवायला 587 आणि 465 आहेत, 25 बंद केल्याने घरगुती गिऱ्हाइकाचं काही अडत नाही, उलट तुमचा पब्लिक आयपी स्पॅमच्या ब्लॅकलिस्टमध्ये जायचा वाचतो. 23 का, तर 2016 च्या मिराय व्हायरसपासून डिफॉल्ट पासवर्डचे कॅमेरे आणि डीव्हीआर टेलनेटवरूनच (दुरून लॉगिन करायची जुनी सोय) धरले जातात. अपलोडची लिमिटसुद्धा सीपीईवरच लावा, कारण तेच.

एपीवर डिफॉल्ट फॉरवर्डची टिक काढा, नाहीतर एकाच एपीवरची गिऱ्हाइकं एकमेकांना व्हायरस देतात आणि तुमच्या फायरवॉलला पत्ताही लागत नाही.

सिंपल क्यू (गिऱ्हाइकाची स्पीड लिमिट) लावला पण स्पीड कंट्रोल होत नाही, हा प्रश्न तर रोजचा. फास्टट्रॅकचा (पॅकेट शॉर्टकटने पुढे पाठवणारा) रूल चालू असेल बघा, ते ट्रॅफिक सिंपल क्यूला बगल देऊन जातं. यूट्यूबवर बघून दहा ओळींची स्क्रिप्ट पेस्ट करायची आणि त्यातली एकही ओळ वाचायची नाही, मग असंच होणार.

वैतागून सगळं यूडीपी बंद करू नका, व्हॉट्सॅप कॉल बिघडतात.

डीएनएसमध्ये अलाऊ रिमोट रिक्वेस्ट्स चालू ठेवलं असेल तर बाहेरून येणारं 53 (डीएनएसचं पोर्ट) बंद करा, यूडीपी आणि टीसीपी दोन्ही, नाहीतर तुमचा राउटर दुसऱ्यावरच्या हल्ल्याला वापरला जातो आणि तुमचं अपलोड फुकट जातं.

आणि विनबॉक्सचं (मायक्रोटिक सेट करायचं सॉफ्टवेअर) 8291 पोर्ट इंटरनेटला उघडं ठेवू नका. 2018 मध्ये त्यातल्या बगमधून जगभरचे राउटर हॅक झाले, पॅच एप्रिलमध्येच आलेला. जुनं व्हर्जन असेल तर आज रात्री ट्रॅफिक कमी झालं की अपग्रेड मारा, आधी बॅकअप घेऊन, आणि पासवर्डसुद्धा बदला, कारण तो आधीच चोरीला गेला असेल तर नुसत्या अपग्रेडने काही होत नाही.