घरच्या ओटीजीत मऊ लादीपाव

गल्लीच्या तोंडाशी बेकरी आणि सकाळी दारात सायकलवर पाववाला असताना मुंबईत पाव घरी कशाला करायचा? पावभाजीला दहा माणसं येणार असतील तर मीही बेकरीच गाठते. पण सूपाबरोबर किंवा नुसतंच लोणी लावून खायला दूध घातलेला, ओव्हनमधून आत्ताच काढलेला पाव हवा असेल, तर तो घरी करण्यात मजा आहे.

बारा पावांसाठी ४०० ग्रॅम मैदा, दोन छोटे चमचे इन्स्टंट यीस्ट, दोन मोठे चमचे साखर, सव्वा छोटा चमचा मीठ, ३० ग्रॅम मऊ लोणी आणि दूध-पाणी निम्मं निम्मं मिळून २६० मिली. इन्स्टंट यीस्ट थेट मैद्यात मिसळतं. अॅक्टिव्ह ड्राय यीस्ट असेल तर ते आधी कोमट दुधात, चिमूटभर साखर घालून दहा मिनिटं ठेवा. फेस आला नाही तर यीस्ट मेलेलं आहे, मैदा वाया घालवू नका. दूध बोटाला चटका देणारं नको, ५५-६० अंशांना यीस्ट मरतं. उघडलेलं पाकीट घट्ट झाकणाच्या बरणीत, फ्रिजमध्ये.

आता मळणं. कोरडं साहित्य परातीत एकत्र करा आणि दूध-पाणी हळूहळू घाला. पावसाळ्यात दोन-तीन चमचे मागेच ठेवा, दमट हवेत मैदा आधीच ओलसर असतो. सुरुवातीला पीठ हाताला इतकं चिकटतं की वरून मैदा भुरभुरावासा वाटतो. तो मोह टाळा. घट्ट पिठाचा पाव दुसऱ्या दिवशी टोस्टसारखा होतो. पाच मिनिटं मळून झाल्यावर लोणी घाला. पीठ पुन्हा फाटल्यासारखं, राडा झाल्यासारखं दिसेल. ओट्यावर तळहाताने पुढे रेटत आणि दुमडत आणखी दहा मिनिटं मळत राहा. तेवढ्यात ते गुळगुळीत, तुकतुकीत होतं. सुपारीएवढा तुकडा घेऊन बोटांनी हळूच ताणा. न फाटता त्यातून उजेड दिसण्याइतका पातळ पडदा झाला, की थांबा.

तेलाचा हात लावलेल्या भांड्यात गोळा झाकून ठेवा. परदेशी पाककृतींत ‘उबदार जागी तासभर’ असं लिहिलेलं असतं. मे महिन्यात आपलं अख्खं स्वयंपाकघरच उबदार जागा असतं, पीठ पाऊण तासाच्या आतही दुप्पट होतं. डिसेंबर-जानेवारीत सव्वा तासही लागेल. म्हणून घड्याळ सोडा, पीठ बघा. जास्त फुगलेल्या पिठाला दारूसारखा आंबूस वास येतो आणि पाव बसका होतो. कडक उन्हाळ्यात मी पाणी सरळ फ्रिजमधलं वापरते.

हवा काढून साधारण ६० ग्रॅमचे बारा गोळे करा. कडा खाली ओढून तळाशी चिमटा, वरचा भाग ताणलेला हवा. लोणी लावलेल्या नऊ इंची चौकोनी टिनमध्ये बोटभर अंतराने लावा. फुगून ते एकमेकांना चिकटतात, म्हणूनच लादीच्या पावाच्या बाजू मऊ राहतात. ओल्या पंचाने झाकून पुन्हा फुगू द्या. बोटाने हलकं दाबल्यावर खळगा सावकाश, अर्धवट भरून आला तर तयार. झटकन भरला तर थांबा. भरलाच नाही तर जरा उशीर झालाय, लगेच भाजायला घ्या.

ओटीजी २०० अंशांवर, वर-खाली दोन्ही रॉड लावून पंधरा मिनिटं आधीच तापवा. वरून दुधाचा हात फिरवा आणि मधल्या जाळीवर १८ ते २० मिनिटं भाजा. छोट्या ओटीजीत वरचा रॉड जवळ असतो. बारा मिनिटांतच रंग चढला तर वर फॉइल टाका, पण बाहेर काढू नका, आत कच्चा असतो.

काढल्याबरोबर लोणी फासून ओलसर फडक्याने दहा मिनिटं झाका, कवच मऊ पडतं. उरलेले पाव फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथे ते लवकर शिळे होतात. दुसऱ्या दिवशीपर्यंत डब्यात, त्यापुढे पिशवीत बांधून फ्रीजरला. लागतील तसे काढायचे, मधोमध चिरून तव्यावर लोण्यात परतायचे.